आडातलं पाणी

रविवारी सकाळी धर्माचा वर्ग घेणारा माणूस सोमवारी कुणाच्या तरी किडलेल्या दाढेत सिमेंट भरत असतो. मॉर्मन चर्चमध्ये गावपातळीवर पगारी पुरोहित नाही. बिशपसुद्धा विमा विकणारा नाहीतर शाळेत गणित शिकवणारा. साधारण पाच वर्षं तो बिनपगारी गावकीचा गाडा ओढतो आणि मुदत संपली की पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसतो. वर्ग घेणाऱ्याचंही तसंच. बिशप एक दिवस बोलावून घेतो, पुढच्या महिन्यापासून मोठ्यांचा वर्ग तुमच्याकडे म्हणतो, आणि सहसा कोणी नाही म्हणत नाही. या नेमणुकीला त्यांचा शब्द आहे ‘कॉलिंग’, म्हणजे हाक. हाक माणसाची असली तरी ती वरून आली असं धरायचं.

हा वर्ग ज्या वस्तीचा असतो तिला म्हणतात वॉर्ड. वॉर्ड म्हटलं की आपल्याला नगरसेवक आठवतो नाहीतर इस्पितळ. त्यांचा शब्द नगरसेवकाच्या बाजूचा आहे. इलिनॉयमधल्या नॉवू शहरात १८४० च्या दशकात त्यांची वस्ती होती, तिथल्या नगरपालिकेच्या वॉर्डांवरून तो आला. तुम्ही कुठल्या वॉर्डात बसायचं हे तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरतं. मला पटेल तसं प्रवचन कुठं मिळतं ते शोधत हिंडायची सोय नाही. त्यामुळे युटामधल्या एखाद्या गावात, समलिंगी संबंध म्हणजे देश बुडवायची चाल आहे असं मानणारे आजोबा आणि मुलाने मागच्याच आठवड्यात ‘आई, मी गे आहे’ असं सांगितलेली बाई एकाच बाकावर बसतात. बाईने अजून कुणाला सांगितलेलं नसतं. आजोबा सगळ्यांना सांगत असतात.

आता असं धरू की या वर्गात शिकवणाऱ्या आपल्या दातांच्या डॉक्टरला वाटतं, समलिंगी, ट्रान्सजेंडर माणसांना या छताखाली जागा असली पाहिजे. त्याने शिकवायचं तरी काय? सिद्धांत त्याच्या हातात नाही. तो सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयात अध्यक्षमंडळातले तिघं आणि बारा प्रेषित मिळून ठरवतात. धड्याचं पुस्तकही तिथूनच छापून येतं. त्याने अधिकारांची भाषा काढली, समलिंगी विवाहाविषयीच्या २०१५ च्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला दिला, तर वर्ग मान डोलावेल आणि आतून कवाड लावून घेईल. ते जगाचं शहाणपण झालं, आपलं नव्हे.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो, आणि बहुतेक वेळा म्हणतो ते नाराजीने. पण या म्हणीत एक सूचनाही आहे. बाहेरून घागर आणून आडात ओतली म्हणून आडाला पाणी लागत नाही. पोहरा सोडायचा तो आत आहे त्याच पाण्यात. पुराणमताच्या घरात राहून स्वीकार शिकवणाऱ्याचं काम एवढंच, की पाणी आत आहे हे दाखवायचं. ते किती खोल आहे आणि दोरी कुठली वापरायची, हा पुढचा प्रश्न.

दोरी कुटुंबाची आहे. गळ्याभोवती आवळली गेलेलीही तीच, म्हणून जरा थांबून पाहू.

मोक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकटा माणूस येतो, संसार मागे टाकून निघालेला. मॉर्मनांचं उलट आहे. जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या या पंथात स्वर्गाच्या सर्वांत वरच्या पायरीवर एकट्याला प्रवेश नाही. तिथं जायचं ते जोडीने. स्त्री-पुरुषाचं लग्न टेंपलमध्ये ‘सील’ होतं, म्हणजे त्यावर कायमची मोहोर उठते, आणि मुलंही त्याच मोहोरेने आईबापांना बांधली जातात. आपली वटपौर्णिमा सात जन्मांवर थांबते, यांच्या लग्नाला शेवट नाही. टेंपल हे रविवारच्या प्रार्थनागृहाहून वेगळं. तिथं शिरायला मुलाखत देऊन परवाना मिळवावा लागतो, आणि तो नसेल तर नवरीची आईसुद्धा लेकीचं लग्न लागेपर्यंत बाहेर बसते. १९९५ च्या सप्टेंबरात तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी कुटुंबाविषयीचा जाहीरनामा वाचून दाखवला. स्त्री-पुरुष विवाह आणि जन्मजात लिंग या दोन्ही गोष्टी त्यात ईश्वरी योजनेचा भाग ठरल्या. तो पुष्कळ घरांत चौकट करून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावलेला असतो.

अशा भिंतीखाली बसून सोळा वर्षांचा मुलगा आईला सांगतो. त्या क्षणी तिला काय दिसतं? लोक काय म्हणतील हे तर दिसतंच, ते कुठल्या आईला दिसत नाही! पण तिला त्याहून लांबचं दिसतं. अनंतकाळच्या पंगतीत एक पान रिकामं दिसतं. ती रागावते, त्या रागाखाली भीती असते, आणि भीतीखाली माया असते. बाहेरून टीका करणारे रागापाशीच थांबतात. शिकवणाऱ्याला तिसऱ्या थरापर्यंत उतरावं लागतं, कारण त्याला लागणारं पाणी तिथं आहे. कुटुंब जर खरंच अखंड आहे, तर ते सोळाव्या वर्षी तोडायचा अधिकार तुला कोणी दिला? हा प्रश्न बाहेरचा नाही. त्याच जाहीरनाम्याच्या पोटातून तो निघतो.

हा प्रश्न कुणी वर्गात विचारण्याच्या कितीतरी आधी एका बाईने घरात जगून दाखवला होता. कॅरोल लिन पिअर्सन या मॉर्मन वाचकांच्या आवडत्या कवयित्री. १९६६ मध्ये त्यांचं सॉल्ट लेकच्या टेंपलमध्ये लग्न झालं. नवरा, जेराल्ड, समलिंगी होता. लग्न केलं की हे जातं, अशी त्या काळातली समजूत. आपल्याकडेही ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हे औषध अजून दुकानात मिळतं, तेव्हा हसायला नको. १९८७ मध्ये खुद्द हिंकलींनी जाहीरपणे सांगितलं, की लग्न हा यावरचा उपचार समजू नये. तोवर अशा किती लग्नांची राख झाली होती. पिअर्सन यांना चार मुलं झाली, पुढे घटस्फोट झाला. १९८४ मध्ये जेराल्डला एड्स झाला आणि तो शेवटचे दिवस काढायला कॅलिफोर्नियात त्यांच्याच घरी आला. त्यांनी त्याची सेवा केली. तो त्याच घरात गेला. १९८६ मध्ये त्यांनी यावर ‘गुडबाय, आय लव्ह यू’ हे पुस्तक लिहिलं. एड्सच्या रुग्णाला हात लावायला दवाखान्यातले लोक बिचकत होते त्या वर्षांतली ही गोष्ट. या पुस्तकात सिद्धांतावर वाद फार नाही. आजारी माणसाची चादर कोण बदलतं, हे आहे. मॉर्मन आयांनी ते वाचलं, आणि पुष्कळींनी उशीखाली ठेवून वाचलं असणार.

दोन घरांची तुलना केली की मुद्दा आणखी उघडतो. २००६ मध्ये चर्चच्याच प्रसिद्धी विभागाने प्रेषित डॅलिन ओक्स यांची मुलाखत घेतली. त्यांना विचारलं होतं, की मुलगा जोडीदाराला घेऊन सणाला घरी येतो म्हणाला तर आईबापांनी काय करावं? त्यांच्या उत्तराचा आशय असा: बहुतेक आईबाप म्हणतील, आम्हाला या पेचात टाकू नकोस. काही म्हणतील, ये, पण रात्री मुक्कामाची अपेक्षा ठेवू नकोस, आम्ही तुम्हाला चारचौघांत मिरवू, ओळख करून देऊ अशी अपेक्षा ठेवू नकोस. हेच ओक्स २०२५ पासून चर्चचे अध्यक्ष आहेत.

दुसरं घर क्रिस्टोफरसन यांचं. त्यांचा एक मुलगा, टॉड, पुढे बारा प्रेषितांपैकी एक झाला. दुसरा, टॉम, समलिंगी. टॉमने स्वतःहून चर्चचं सदस्यत्व सोडलं आणि जवळजवळ दोन दशकं जोडीदारासोबत संसार केला. आईबापांना आधी धक्का बसला, मग त्यांनी इतर मुलांना आणि सुनांना एकत्र बसवलं आणि आईने सांगितलं, की तुमच्या लेकरांना या घरात एकच गोष्ट शिकायची आहे, ती म्हणजे काहीही केलं तरी आपल्या मायेच्या रिंगणाबाहेर कोणी पडत नाही, आणि हे ती शिकतील आपण टॉमशी कसं वागतो यावरून. जोडीदार घरचाच झाला. टॉमनेच हे २०१७ च्या आपल्या पुस्तकात सांगितलं, आणि ते चर्चच्या मालकीच्या प्रकाशनाने छापलं.

दोन्ही घरं तोच सिद्धांत मानणारी, हे इथं महत्त्वाचं. भिंतीवरची चौकट एकच. फरक पडला तो दारात.

टॉमची गोष्ट पुढे अशी झाली, की ते जोडीदारापासून वेगळे झाले आणि २०१४ मध्ये पुन्हा बाप्तिस्मा घेऊन चर्चमध्ये परतले. वर्गात ही गोष्ट सांगणारे बरेच जण नेमका हा शेवट उचलतात: बघा, माया केली की माणूस परत येतो. असा शेवट लावला की माया ही गळाला लावलेलं गांडूळ होते. आईने ते वाक्य उच्चारलं तेव्हा तिला हा शेवट ठाऊक नव्हता. तिने तो मागितलाही नव्हता. शिकवणाऱ्याने गोष्ट तिथंच, त्या बैठकीच्या खोलीतच, थांबवावी.

मग वागणं बदलायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथं मात्र बाहेरचं ज्ञान कामाला येतं, कारण ते ज्यांनी दिलं त्यांना आडाची भाषा कळत होती. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातल्या केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २१ ते २५ वयाच्या २२४ समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांना त्यांनी विचारलं, की किशोरवयात घरचे तुमच्याशी कसे वागले? ज्यांना घरून फार झिडकारलं गेलं होतं त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याचं प्रमाण, फारसं न झिडकारलेल्यांच्या तुलनेत ८ पटींहून अधिक निघालं, आणि तीव्र नैराश्याचं जवळजवळ ६ पट. आकडा हादरवणारा आहे, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते रायन यांनी झिडकारण्याचे केलेले तुकडे. मारणं आणि हाकलणं हे तर आहेच. शिवाय त्याच्या मित्रांना घरी येऊ न देणं, देव शिक्षा करील असं म्हणणं, हे कुणाला सांगू नकोस म्हणून बजावणं, बाहेर कुणी टिंगल केली तर तूच तसा वागतोस म्हणणं. यातलं बरंचसं आईबाप पोराला वाचवायच्या हेतूने करतात! रायन त्यांना तुमची श्रद्धा सोडा असं म्हणत नाहीत. श्रद्धा राहू दे जिथं आहे तिथं, हे चार प्रकार उद्यापासून बंद करा, एवढंच सांगतात. २०१२ मध्ये त्यांनी रॉबर्ट रीस या मॉर्मन अभ्यासकासोबत खास या चर्चच्या कुटुंबांसाठी पुस्तिका काढली, तिच्यात आईबापांशी त्यांच्याच धर्माच्या शब्दांत बोललं आहे.

धार्मिक माणसाला मत बदल म्हटलं की तो पाय रोवतो. वागणं बदल म्हटलं तर निदान ऐकून घेतो, कारण वागणं सुधारणं हा त्याचा रोजचाच धंदा आहे. मत कधी बदललंच तर ते मागून, दमत दमत, वागण्याच्या पाठोपाठ येतं.

आता पुन्हा आपल्या डॉक्टरच्या वर्गात येऊ. तो ‘आज आपण समलिंगींविषयी बोलणार आहोत’ अशी सुरुवात करत नाही. करूच नये. मॉर्मन ग्रंथात मोसायाच्या पुस्तकात एका पाणवठ्यावरच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्यांनी काय कबूल करायचं, तर एकमेकांची ओझी वाहायची, रडणाऱ्यासोबत रडायचं. आठव्या वर्षी बाप्तिस्मा घेतलेल्या बहुतेकांना हे ओळखीचं असतं. तो हा उतारा वाचायला लावतो आणि विचारतो, आपल्या वॉर्डात असं कुठलं ओझं आहे जे घेऊन माणूस रविवारी येतो आणि तसंच परत नेतो? मग गप्प बसतो. ही शांतता त्याने भरून काढायची नाही. नवा शिक्षक इथंच घसरतो, घाईने स्वतःच उत्तर देतो.

कुणीतरी कर्जाचं बोलतं, कुणी दारू सुटत नसलेल्या भावाचं. मग कधीतरी, त्या रविवारी नाही तर सहाव्या रविवारी, ती बाई बोलते. आणि आजोबा हात वर करतात: ते ठीक आहे, पण नियमाचं काय? याला उत्तर आहे, आणि तेही आतलंच. नियमाचा निवाडा बिशपकडे सोपवलेला आहे, या वर्गाकडे नाही. आपल्याकडे सोपवलं आहे ते ओझं. आजोबांना हे पटेलच असं नाही, पण त्यांना परकंही वाटत नाही.

बाकीचं शिक्षण शब्दांचं. ‘ते लोक’ न म्हणता ‘आपल्यातले’ म्हणायचं. माणूस स्वतःला जे म्हणवतो तेच म्हणायचं. चर्चच्या कागदांत फार वर्षं ‘समलिंगी आकर्षण’ असा दवाखान्याच्या वासाचा शब्द चालत आला आहे, जणू तो दातदुखीसारखा येतो-जातो. विनोदावर हसायचं नाही, बस. रिचर्ड ऑस्टलर नावाचे गृहस्थ अविवाहित तरुणांच्या वॉर्डाचे बिशप होते. तिथं कबुली द्यायला येणाऱ्या मुलांचं ऐकता ऐकता त्यांची स्वतःची मतं गळून पडली. पुढे त्यांनी अशा माणसांच्या मुलाखतींचा पॉडकास्ट सुरू केला, २०२० मध्ये पुस्तक काढलं. दोन्हीच्या नावातला पहिला शब्द आहे ‘ऐका’. नवविधा भक्तीतही श्रवण पहिलं आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण ऐकायचं ठरवलेलं असूनही चर्चला ते कसं जड जातं, हे २०१७ च्या मे महिन्यात दिसलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सभासद दोन जेवणं सोडून उपवास करतात, आणि त्या दिवशी व्यासपीठ सगळ्यांना मोकळं असतं. कुणीही उठावं, ध्वनिक्षेपकापुढे जावं, आपली साक्ष द्यावी. युटामधली बारा वर्षांची एक मुलगी उठली. मी समलिंगी आहे, मला असं घडवण्यात माझ्या स्वर्गातल्या आईबापांनी चूक केलेली नाही, अशा आशयाचं ती बोलू लागली. देव एकटा बाप नाही, स्वर्गात आईही आहे, हे याच चर्चचं म्हणणं. ती तेच तर सांगत होती. मधेच तिचा ध्वनिक्षेपक बंद झाला आणि तिला जागेवर जाऊन बसायला सांगितलं गेलं. पोहरा पाण्याला लागला होता आणि दोरी कापली, असं मला ती चित्रफीत पाहताना वाटलं.

ही माझ्या मांडणीतली दुबळी जागा आहे आणि ती झाकून ठेवता येत नाही. आड कुणाच्या मालकीचा? २०१५ च्या नोव्हेंबरात वरून नियम आला: समलिंगी लग्न करणारे सभासद धर्मद्रोही, आणि अशा जोडप्यासोबत राहणाऱ्या मुलांना अठरा वर्षांचे होऊन समलिंगी विवाहाचा आणि सहवासाचा निषेध केल्याशिवाय बाप्तिस्मा नाही. दोन महिन्यांनी प्रेषित रसेल नेल्सन यांनी त्याला ईश्वरी साक्षात्काराचा आधार दिला. २०१९ च्या एप्रिलमध्ये तो नियम मागे घेतला, तेव्हा नेल्सनच अध्यक्ष होते. साडेतीन वर्षांत देवाचं मत फिरलं, असं कडवटपणे म्हणत कित्येक जण निघून गेले. राहिलेल्यांनी दुसरं काही ऐकलं: फिरू शकतं. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारणारा नियमही १९७८ च्या जूनमध्ये असाच एका दिवसात गेला होता. देव अजून पुष्कळ काही सांगणार आहे, हे या पंथाच्या तेरा श्रद्धासूत्रांपैकी नववं सूत्रच आहे. मात्र शिक्षकाने वर्गात ‘हेही बदलेल’ म्हटलं की तो हद्द ओलांडतो. लैंगिक समुपदेशक नताशा हेल्फर यांनी चर्चच्या भूमिकांना उघड विरोध केला, त्यांचं सदस्यत्व २०२१ मध्ये काढून घेतलं. म्हणून तो नववं सूत्र वाचून दाखवतो आणि पुस्तक मिटतो.

मग हा स्वीकार अर्धाच नाही का? आहे. आजही त्या सोळा वर्षांच्या मुलाला सांगितलं जातं की तुझ्या मनात आहे ते पाप नाही, पण त्यावर संसार उभारलास तर आहे. बहिणीला जे सुख टेंपलमध्ये मोहोर मारून मिळतं ते त्याच्यासाठी कायमचं उपवासाच्या रविवारात जमा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ट्रान्सजेंडर सभासदांवर नवे निर्बंध आले. लिंगबदल केलेल्यांना शिक्षक म्हणून किंवा मुलांच्या कामावर नेमायचं नाही, हा त्यातला एक. म्हणजे आपल्या डॉक्टरच्या वर्गातून शिकून कुणी ‘मलाही शिकवायचंय’ म्हणून उभं राहिलं, तर ती हाक त्याला येणार नाही. अर्ध्या भाकरीवर समाधान माना, असं उपाशी माणसाला सांगायचा हक्क पोट भरलेल्याला नसतो, आणि मी ते सांगत नाही. जे सोडून जातात ते शहाणपणानेच जातात. १९७७ पासून ‘अफर्मेशन’सारखी त्यांची स्वतःची संघटना आहे, त्यांना या वर्गाची गरज नाही.

गरज आहे ती न सोडू शकणाऱ्याला. सोळा वर्षांचा मुलगा चर्च सोडू शकत नाही, कारण चर्च त्याच्या स्वयंपाकघरात आहे, जेवणाआधीच्या प्रार्थनेत आहे, आईच्या चेहऱ्यावर आहे. त्याला सॉल्ट लेकचा निर्णय येईपर्यंत जगायचं आहे, आणि तोवर त्याच्या आईला रविवारी कोण काय सांगतं यावर त्याचा बुधवार कसा जाईल हे ठरतं.

वर्ग तासाभराच्या आत संपतो. खुर्च्या घडीच्या असतात, त्या मिटून भिंतीला लावायच्या असतात. शिक्षक आवरायला लागतो. एखाद्या रविवारी कुणीतरी मागे रेंगाळतं, न सांगता चार खुर्च्या मिटून देतं. तो काही विचारत नाही. दोघं मिळून खुर्च्या लावतात, मग तो दिवा मालवतो आणि दार धरून उभा राहतो.